पितळी झाकण

माझे वडील कृपादान भांबळ, आमचे आप्पा, संगमनेरला डॉक्टरीणबाईंची मोटार चालवत. डॉक्टरीणबाई म्हणजे लिडिया साळवे. त्यांनी गावाच्या कडेला सहा खाटांचा दवाखाना घातला होता आणि मी, दीना, तिथे नर्स होते. त्यामुळे १९४४ सालच्या हिवाळ्यात जे झालं ते मी कुणाकडून ऐकलेलं नाही. निम्मं तर त्याच मोटारीच्या मागच्या सीटवर बसून पाहिलेलं आहे.

मोटार तेव्हा सोळा वर्षांची होती. आमच्याकडे येण्याआधी तिचे तीन मालक होऊन गेले होते. छत कापडी, भोंगा रबरी फुग्याचा आणि पेट्रोलची टाकी इंजिनाच्या मागे, समोरच्या काचेच्या अगदी पुढ्यात. टाकी उंचावर असल्यामुळे पेट्रोल आपल्या वजनानेच नळीतून खाली उतरायचं. पंपबिंप काही नव्हता. किती पेट्रोल उरलं ते दाखवणारा काटा कधीच बंद पडला होता. आप्पा कळकाची एक पट्टी टाकीत बुडवत, ओली खूण बघत आणि सांगत, "तीन ग्यालन हाय."

आप्पा मोटार शिकले पहिल्या लढाईत, बसऱ्याला. गेले हमाल म्हणून आणि परत आले डायव्हर होऊन. इंजिनाचा आवाज ऐकून ते सांगायचे, कुठला प्लग काळा पडलाय. संगमनेरच्या बाजारपेठेत हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि आप्पांनाही ते सगळ्यांना ठाऊक आहे हे ठाऊक होतं.

दुसरी लढाई सुरू झाल्यापासून मोटारीचा साधा स्क्रूदेखील मिळेनासा झाला होता. जे मोडेल ते गावातच घडवायचं. त्या वर्षी नवरात्राच्या सुरुवातीला कोपरगावहून येताना टाकीचं झाकण वाटेत कुठेतरी उडालं. आप्पांनी आठ दिवस टाकीच्या तोंडाला फडकं बांधून काम भागवलं आणि मग तांबट आळीत बसून नवं पितळी झाकण करून घेतलं. आतून चामड्याची चकती. दाबून पाव फेरा फिरवलं की असं घट्ट बसायचं की पेट्रोलचा वाससुद्धा बाहेर येऊ नये. पेट्रोल तेव्हा कुपनावर मिळायचं, थेंबाथेंबाची किंमत होती. गावात मोटारी दुरुस्त करणाऱ्या छगन मिस्त्रीने ते झाकण नखाने वाजवून पाहिलं आणि म्हणाला, "इलायतीला मागं सारलं राव तुमी."

दसऱ्यानंतर मोटार बंद पडायला लागली.

गावात कुठेही न्या, बिनतक्रार चालायची. छगनच्या दारात नेऊन उभी केली तर तासभर गुरगुरत राहायची. पण लांबच्या रस्त्याला लागलो की पाच-सहा मैलांवर आधी आचके द्यायची, मग ठप्प. दर गुरुवारी डॉक्टरीणबाई राजूरला जाऊन डोंगरातल्या लोकांना तपासत. संगमनेरहून अकोले, अकोल्याहून राजूर, अठ्ठावीस-तीस मैलांची वाट. त्या वाटेवर आमची मोटार तीन-तीन, चार-चार वेळा थांबायची.

आप्पांनी काय केलं नाही! प्लग काढून घासले. वायर बदलली. एकदा रस्त्याच्या कडेला धोतर अंथरून त्यावर सगळा कारबोरेटर सुटा केला आणि त्यातलं एकेक बारीक भोक तोंडाने फुंकून साफ केलं. नळी काढून फुंकली. जाळी धुतली. गंमत अशी की प्रत्येक इलाज लागू पडायचा. आप्पा घाम पुसत म्हणायचे, "घावलं! कचराच हुता." मोटार चालू व्हायची आणि पुढच्या पाच-सहा मैलांवर पुन्हा मान टाकायची.

मग दोष देणं सुरू झालं. छगन मिस्त्री म्हणाला, इंजिन तापतंय. पण आम्ही पहाटेच्या थंडीत निघालो त्या दिवशी तर ती लवकर थांबली. आप्पा म्हणाले, छगनने बसवलेली कॉइलच खराब आहे. त्यावरून दोघांचं बोलणं बंद झालं. पेट्रोल देणारा रंगनाथ रॉकेल मिसळतो, असंही आप्पा चारचौघांत बोलून बसले. रंगनाथने पिंपात बुडवलेला हात त्यांच्या नाकाशी धरला, तरी त्यांचं समाधान झालं नाही.

एका गुरुवारी आम्ही राजूरला पोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. सकाळपासून ताटकळलेले लोक कंटाळून डोंगर चढून परत गेले होते. एक म्हातारा तेवढा थांबला होता. तो म्हणाला, "आमाला वाटलं, तुमी आता येतच न्हाई." डॉक्टरीणबाईंनी त्याला तपासलं, गोळ्या दिल्या आणि भरलेली पेटी तशीच परत मोटारीत ठेवली.

त्या संध्याकाळी आप्पा त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले. मी पट्ट्या गुंडाळत होते.

"बाई, दुसरा डायव्हर बघा. माज्या हातून आता हुत न्हाई."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "कृपादानभाऊ, माझ्याकडे रोगी येतो, मी चार औषधं देते, गुण येत नाही. मग काय मी दवाखाना बंद करू? रोग कुठेतरी असतोच. आपल्याला दिसत नाही एवढंच. तुम्ही बघत राहा."

आप्पा घरी आले, पण जेवले नाहीत. त्यांना रागावणारं माणूस हवं होतं, हे मला त्या दिवशी कळलं. समजून घेणारं माणूस त्यांना झेपत नव्हतं.

नाताळाच्या आधीचा गुरुवार होता. आम्ही उजाडताना निघालो आणि दोनदा थांबून नऊच्या सुमाराला राजूरला पोचलो. पेटी उघडतोय तोच एक बैलगाडी भरधाव आली. गाडीत गोधडीवर एक बाई विव्हळत होती आणि तिचं डोकं मांडीवर घेऊन एक पन्नाशीची बाई बसली होती. काळीसावळी, शिडशिडीत, कपाळावर गोंदण, लुगड्याला तेलाचा वास. ही कडूबाई. राजूरला तिचा तेलाचा घाणा होता. नवरा वारल्यावर वीस वर्षं तिने तो एकटीने चालवला होता. गाडीत होती तिची एकुलती एक लेक मालन. मालनचा नवरा गहिनीनाथ देवळालीच्या छावणीत कामाला होता.

"परवा सांजंपासून कळा देतीया," कडूबाई म्हणाली. "सुइणीनं हात टेकले. तुमी येनार म्हनून वाट बघत बसले, बाई."

डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि मला बाजूला घेतलं. "मूल आडवं आहे. इथे काही करता येणार नाही. पोट उघडावं लागेल, आणि तेही दुपारच्या आत." मग त्यांनी आप्पांकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. आप्पांनी मान खाली घातली आणि हँडल घेऊन मोटारीकडे गेले.

मालनला मागच्या सीटवर निजवलं. डोक्याशी डॉक्टरीणबाई, पायाशी खाली बैठक मारून मी. कडूबाई पुढे आप्पांच्या शेजारी बसली. मोटारीत ती जन्मात पहिल्यांदाच बसत होती. दोन्ही हातांनी तिने समोरची फळी घट्ट धरली होती आणि तिच्या नाकासमोर, काचेपलीकडे, ते पितळी झाकण चकाकत होतं.

विठ्याचा घाट उतरता उतरता मोटारीने पहिला आचका दिला. मग दुसरा. आप्पांनी कडेला घेईपर्यंत इंजिन गप्प झालं होतं.

आप्पा उडी मारून उतरले. बॉनेट उघडलं, वायरी चाचपल्या, पट्टी घेऊन टाकीचं झाकण काढलं, पेट्रोल पाहिलं. भरपूर होतं. झाकण लावलं, हँडल मारलं. दुसऱ्या फेऱ्याला इंजिन सुरू झालं.

कडूबाई हळूच म्हणाली, "डायवरदादा, तेलीन आडवी आली म्हनून मोटार थांबली, असं मनात आनू नका हां. लोक म्हनत्यात तसं."

लोक काय काय म्हणतात ते आप्पांना कुणी सांगायला नको होतं. आजोबा ख्रिस्ती झाले त्याआधी आमच्या घराची सावलीही गावाला चालत नव्हती, आणि नंतरही काही लोकांना चालत नव्हतीच. ते म्हणाले, "आक्का, ही मोटार तीन महिनं झालं थांबतीया. तवा तर तुमी न्हवता. तुमी बिनघोर बसा."

पुढचे चार-पाच मैल बरे गेले. अकोलं अजून पुढे असताना मोटार पुन्हा थांबली. आता पेट्रोल बघायची गरज नव्हती, नुकतंच पाहिलं होतं. आप्पांनी प्लग काढले, पुसले, बसवले. हँडल मारून मारून त्यांचा हात भरून आला. मागे मालन ओठ चावत होती. डॉक्टरीणबाईंची दोन बोटं तिच्या मनगटावर आणि डोळे घड्याळावर. पाव तास गेला असेल. मग इंजिन कसंबसं सुरू झालं, दोन फर्लांग गेलं आणि परत मेलं.

तेवढ्यात मागून उसाची गाडी हाकत एक शेतकरी आला. थांबून म्हणाला, "पेट्रोल सपलं असंल."

"सपलं न्हाई," आप्पा म्हणाले.

"बघा तरी."

आप्पा चिडले. त्या माणसाला दाखवण्यासाठी म्हणून त्यांनी झाकण काढलं आणि पट्टी बुडवून त्याच्या तोंडापुढे धरली. "हे बग! भिजलंय का न्हाई?" झाकण आपटून बसवलं, रागारागात हँडल मारलं, आणि पहिल्याच फेऱ्यात इंजिन लागलं.

अकोलं मागे पडलं. मी मनातल्या मनात प्रार्थना करत होते. देवा, एवढे चौदा मैल. कळसच्या अलीकडे एका बाभळीजवळ मोटारीने पुन्हा आचके दिले आणि ती थांबली. मालनचा आवाज आता येईनासा झाला होता. ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दीना, नाडी फार जलद आहे."

आप्पा खाली उतरले, पण या खेपेला बॉनेटला हात लावायचंही त्यांना सुचेना. रस्त्यात नुसते उभे राहिले. माझ्या बापाला मी असं कधी पाहिलं नव्हतं.

कडूबाई बसल्या जागेवरून म्हणाली, "दादा, रागवू नका. येक इचारू?"

"इचारा."

"तुमी त्ये झाकन काढलं दोन येळंला. दोनी येळंला मोटार लगीच लागली. मदल्या येळंला न्हाई काढलं, तवा दोन फर्लांगात मेली. आन काढताना त्याच्यातनं आवाज येतो. सुस्स करून. आत वारा वढून घेतल्यावानी."

"आवाज?"

"मी समूरच बसलेय न्हवं. तुमचं ध्यान त्या काठीकडं हुतं." मग ती थोडी अजिजीने म्हणाली, "मला मोटारीतलं काय कळत न्हाई. पन तेलाच्या बंद डब्याला मी येकच भोक पाडलं, तर तेलाची धार लागत न्हाई. वाईच गळतं, गुटुक गुटुक करतं आन थांबतं. वारा आत जायला वरनं दुसरं भोक पाडावं लागतं. तुमच्या ह्या डब्याला दुसरं भोक कुटं हाय?"

आप्पा सावकाश टाकीपाशी आले. झाकणावर तळवा ठेवला, कान जवळ नेला आणि ते अगदी हळू फिरवलं. मागच्या सीटवरून मलाही ऐकू आलं. एखाद्या माणसाने दातांतून श्वास आत घ्यावा तसा आवाज.

त्यांनी झाकण खिशात टाकलं आणि मागे येऊन म्हणाले, "दीना, जाळीची पट्टी दे. दोन घड्या करून."

मी दिली. त्यांनी ती टाकीच्या तोंडावर पसरली, वरून सुतळीने आवळली. धूळ जाऊ नये, वारा जावा. हँडल मारलं. मोटार सुरू झाली.

आम्ही कळस ओलांडलं. दोन मैल गेले. पाच गेले. सहाव्या मैलाला मी डोळे मिटून घेतले. सात झाले, आठ झाले, तरी इंजिनाचा सूर बदलला नाही. कडूबाई एकटक त्या पांढऱ्या पट्टीकडे बघत होती, आपण नजर काढली तर ती पट्टी काम सोडून देईल असं तिला वाटत असावं. आप्पा रस्त्याकडे बघत होते आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. वाऱ्याने असेल असं मी धरून चालले. संगमनेर येईपर्यंत मोटार एकदाही थांबली नाही.

दवाखान्यात पोचलो तेव्हा साडेबारा झाले होते. मी क्लोरोफॉर्म देत होते, डॉक्टरीणबाई आणि आमची दुसरी नर्स कृपा कापत-शिवत होत्या. मूल बाहेर आलं ते निळसर आणि मुकं. कृपाने त्याला उलटं धरलं, पाठ चोळली, तोंडातून फुंकर घातली. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग एक बारीक, चिडलेला आवाज आला. मुलगी होती. मालनचं रक्त बरंच गेलं होतं, पण शिवून होईपर्यंत तिची नाडी ताळ्यावर आली. डॉक्टरीणबाईंनी हात धुता धुता मला सांगितलं, "आणखी अर्धा तास उशीर झाला असता तर दोघींपैकी एकही हाती लागली नसती."

मी ही बातमी सांगायला बाहेर धावले. कडूबाई ओसरीवर बसली होती. ऐकल्यावर तिने पदर तोंडाला लावला आणि नुसती मागेपुढे डोलत राहिली. आप्पा मात्र अंगणात मोटारीच्या पायरीवर बसले होते, हातात ते झाकण घेऊन.

"आप्पा, दोघी वाचल्या!"

"देवाची दया," ते म्हणाले. पण उठले नाहीत. "दीना, तांबटानं मला इचारलं हुतं. जुन्याला मदी भोक हुतं का म्हनून. मी म्हनलो, हुतं सुईयेवढं, पन गंजून पडलं असंल, तू ठिवू नको. माज्या तोंडानं म्हनलो."

मी त्यांच्याशेजारी बसले.

"आट दिस फडकं बांदलं हुतं, तवा मोटार येकदाबी थांबली न्हाई. माज्या ध्यानात आलं न्हाई. नळी फुंकली की वारा आत जायाचा, कारबोरेटर सोडला की जायाचा, नुसतं थांबून राहिलं तरी चामड्याच्या कडंनं हळूहळू जायाचा. मला वाटायचं, माजा इलाज लागला. तीन महिनं मी छगनला बोल लावला, रंगनाथला लावला. आन रोग माज्याच हातानं बसावलेला."

ते उठले आणि तसेच डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेले. त्या दमून खुर्चीत बसल्या होत्या. आप्पांनी झाकण मेजावर ठेवलं आणि उभ्यानेच सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता. शेवटी म्हणाले, "आज ती पोरगी दगावली असती तर माज्यामुळं."

डॉक्टरीणबाईंनी झाकण उचलून उजेडात धरलं. "दगावली असती तर, हे खरं. मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. पण कृपादानभाऊ, ज्या बाईने सांगितलं तिचं तुम्ही ऐकलंत. ती मोटारीत पहिल्यांदा बसलेली, तुम्ही पंचवीस-तीस वर्षं मोटार चालवलेले. दुसऱ्या कुणी तिला गप्प बसवलं असतं." त्यांनी झाकण परत दिलं. "आता याला भोक पाडून आणा. आणि ज्यांना बोल लावलात त्यांच्याकडे आधी जा."

आप्पा दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. रंगनाथ मोठ्या मनाचा होता. तो हसला, "आता तरी माज्या हाताचा वास घेनं बंद करा," एवढंच म्हणाला. छगन मिस्त्री मात्र तासभर फणफणला. कॉइलचं सगळं उगाळून झाल्यावर त्याने झाकण हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि त्याचा आवाज उतरला. "मी बी वाजवून बघितलं हुतं की रे हे. मलाबी कळलं न्हाई." मग त्याने बारीक गिरमिट घेऊन मधोमध भोक पाडलं, चामड्याच्या चकतीतूनही आरपार नेलं आणि झाकण ओठांशी धरून फुंकून पाहिलं. वारा पलीकडे निघाला. दोघांनी तिथेच चहा घेतला.

तिसऱ्या दिवशी देवळालीहून गहिनीनाथ आला. मालनला पाहून, लेकीला मांडीवर घेऊन तो बाहेर आला आणि थेट आप्पांच्या पायांवर वाकला. आप्पा चटका बसल्यासारखे मागे सरकले.

"माज्या पाया पडू नका. तुमाला ठाऊक न्हाई." आणि त्यांनी त्यालाही, कडूबाईच्या देखत, झाकणाची सगळी हकीकत सांगितली. गहिनीनाथ गोंधळून सासूकडे बघायला लागला.

कडूबाईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दादा, मला येक सांगा. तुमची मोटार राजूरला आलीच नसती, तर माजी लेक कुटं असती?"

आप्पांनी दवाखान्याच्या दाराकडे पाहिलं.

"तुमी तीन महिनं ती मोटार ढकलीत, झटत, दर बेस्तरवारी आनलीत. कोन दुसरा असता तर कवाच बंद केलं असतं. त्ये मी न्हाई का धरायचं? चूक तुमची हाय, बरं, ती तुमच्याजवळ ठिवा. पन उपकार माज्याकडं हाय, त्यो मला ठिवू द्या."

आप्पांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली आणि गहिनीनाथला जवळ घेतलं. एवढ्या मोठ्या माणसाला, पोराला घ्यावं तसं.

मालनला दोन आठवडे ठेवावं लागलं, त्यामुळे नाताळ आला तेव्हा ती आणि कडूबाई दवाखान्यातच होत्या. आमच्या चर्चच्या मंडळीत नाताळाच्या उपासनेत उपकारस्तुतीसाठी कुणीही उभं राहून बोलू शकतं. आप्पा पन्नास वर्षांत कधी उभे राहिले नव्हते. त्या दिवशी राहिले. बाकाची पाठ दोन्ही हातांनी धरून म्हणाले, "राजूरच्या कडूबाईसाठी मी देवाचं उपकार मानतो. तिनं मला माजी चूक दावली आन मला खाली बघायला लावलं न्हाई." एवढंच बोलून बसले. पाळकसाहेब पुढचं गीत सांगायचं विसरले.

दुपारी आईने करंज्यांचं ताट दवाखान्यात न्यायला भरून दिलं. डॉक्टरीणबाईंना, कृपाला, रोग्यांना वाटून झालं. मालनच्या खाटेशी कडूबाई बसली होती, तिथे आप्पा अडखळले. साल १९४४ होतं. राजूरच्या तेलिणीने आमच्या घरचं खायचं की नाही, हा प्रश्न विचारून कुणाला अवघडात टाकू नये म्हणून आम्हीच असे प्रसंग टाळत असू. आप्पा ताट घेऊन पुढे निघणार, तेवढ्यात कडूबाईने हात पुढे केला.

"मला वगळलं व्हय?"

आप्पांनी ताट खाली धरलं. तिने एक करंजी उचलली, अर्धी मोडून मालनच्या हातावर ठेवली, अर्धी स्वतः तोंडात टाकली. डोळे बारीक करून ती सावकाश चावत राहिली. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत होतो.

"सारन झ्याक हाय," ती म्हणाली. "पन तेल कोनाकडनं घेता?"

आप्पांनी बाजारातल्या दुकानाचं नाव सांगितलं.

कडूबाईने तोंड वाकडं केलं. "जुनं देतो त्यो तुमाला. वास येतोय. आता बेस्तरवारी आलात की डबा घिऊन या. माज्या घान्याचं खुरासनीचं देते, ताजं." आणि आप्पा काही म्हणायच्या आत तिने ताटातली दुसरी करंजी उचलली.